शेऱ्याचा रकाना

दोनशे चौदा फायली, सुतळीनं बांधलेल्या,
आणि संगणकावर एक कोरा तक्ता.
डॉक्टर भदौरिया म्हणाले, आरामात करा,
फक्त आकडा चुकायला नको.
लाट ओसरून वर्ष झालं होतं. ग्वाल्हेरचा मे.
कंपूवरच्या रेकॉर्डरूमचा पंखा
गरम हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेत होता, एवढंच.

वय. बाई की पुरुष. शुगर किती वर्षांची.
दाखल होताना किती. तीन महिन्यांची सरासरी.
ऑक्सिजन. किडनी. बीपी आहे का.
सगळ्यात शेवटी: घरी गेले तर शून्य,
नाहीतर एक.

आकडे मी मनात मराठीतच वाचते.
बाकीचा दिवस हिंदीत जातो, भांडणंसुद्धा,
पण उन्यासी कुठलं आणि नवासी कुठलं
याचा पन्नाशी उलटली तरी घोळ होतो,
आणि ऑक्सिजनच्या रकान्यात
त्या दहांच्या फरकात अख्खा माणूस असतो.
म्हणून ओठ हलवत: एकोणऐंशी.
पुन्हा एकदा बघून: एकोणऐंशी.

फाईल एक्केचाळीस. रामसनेही कुशवाह,
दाल बाजारात गजक कुटायचा.
आला तेव्हा साखर चारशे बारा.
मागच्या पानावर भावाचं अक्षर, पेन कागदात रुतलेलं:
इन्सुलिन पाच दिवस मिळालं नाही, दुकानं बंद होती.
पाच दिवसांना रकाना नव्हता.
डॉक्टर म्हणाले, शेऱ्यात टाका.
शेरा कोण वाचतं?

श्वासासाठी दिलेलं स्टिरॉइड साखर वर चढवतं,
साखर उतरवायला वाढवलेलं इन्सुलिन
रात्री तीनला माणसाला घामानं भिजवतं.
चार्टवर हे सगळं चढ-उताराच्या रेघेत आहे.
सिस्टर लिसम्मा सांगत होती,
काहींच्या बोटांवर टोचायला जागाच उरली नव्हती,
मग ती अंगठ्याची माफी मागायची.

फाईल अठ्ठ्याऐंशी उघडली आणि चहा निवला.
सुमन पागनीस, जीवाजीगंज.
शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे, लंगडीत कुणाच्या हाती न लागणारी.
साखर एकशे अठ्ठावीस. औषधं वेळच्या वेळी.
फक्त किडनीचा आकडा तीनच्या वर,
तोही तिला इथे आल्यावरच कळला असणार.
शेवटच्या रकान्यात एक.
आणि तिच्या पुढचीच फाईल, एक्क्याऐंशी वर्षांचे आजोबा,
वय वाईट, बीपी वाईट, साखर विचारू नका,
शून्य.
रिक्षाचं भाडं कमी करून घेत घरी गेले असतील.

तक्ता भरून झाला त्या संध्याकाळी
मी खाली आणखी एक ओळ वाढवली.
बाई. बावन्न. शुगर अकरा वर्षांची.
सरासरी आठ पूर्णांक नऊ. बीपी आहे.
ऑक्सिजन चौऱ्याण्णव, मागच्या खोलीत पालथं झोपून,
मुलगा दाराबाहेर ताट ठेवून जायचा
आणि माझं खोकणं मोजायचा.
शेवटच्या रकान्यात शून्य टाकताना
बोट थोडं थांबलं.
मग आठवलं, अभ्यास फक्त दाखल झालेल्यांचा.
मला खाट मिळालीच नव्हती.
ओळ खोडली.

सोमवारी डॉक्टर आले, उभ्यानेच तक्ता खाली-वर करत राहिले.
बराच वेळ. मला वाटलं, काहीतरी चुकलं.
तर म्हणाले, हा शेरा बारा जणांच्या नावापुढे आहे.
आणि बीपीच्या शेजारी एक रकाना घातला:
येण्याआधी औषध किती दिवस बंद.

दोनशे चौदा फायली पुन्हा काढायच्या.
पुन्हा मागची पानं, भावांची, सुनांची अक्षरं.
मी पंखा बंद केला, कागद उडत होते,
आणि पहिली सुतळी सोडली.